मोटार-कारखानदारांनी शर्यतीत उतरावे काय? : एक ऐतिहासिक विचार



स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, बखरींवर बोलावे. मोटारींच्या शर्यतीवर बोलण्याचा त्याला अधिकार काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या समाजाने आपला पैसा, आपली बुद्धी आणि आपली हौस कोठे खर्ची घातली, हा प्रश्न शेवटी इतिहासाचाच असतो. शिवाय निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या आणि पलीकडे कोल्हापूरपर्यंतच्या या पट्ट्यात मोटारीच्या सुट्या भागांवर चूल पेटणारी घरे थोडी नाहीत. या शाळेतून बाहेर पडलेली मुलेही उद्यमबागेत लेथवर उभी आहेत, फौंड्रीत साचे भरीत आहेत. मोठ्या कारखानदाराने आपला पैसा शर्यतीत घालावा की न घालावा, याचा निकाल मुंबईत लागत असला तरी त्याचे बरे-वाईट परिणाम येथवर पोहोचतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडू. ज्या गाडीची चारही चाके अंगाबाहेर उघडी असतात आणि जिच्यात एकटा चालक बसतो, अशा गाड्यांच्या शर्यतींना ‘फॉर्म्युला’ शर्यती म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे नियमावली. गाडीचे वजन किती, इंजिन कसे, इंधन किती, हे तीत ठरलेले असते. पेट्रोलच्या इंजिनाची फॉर्म्युला वन ही जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली. केवळ विजेवर धावणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. या सर्वोच्च पायरीवर मोटार बनविणाऱ्या कारखानदाराने उतरावे काय, आणि विशेषतः आपल्याकडील टाटा किंवा महिंद्रा यांच्यासारख्या कारखानदारांनी उतरावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

भाषेच्या माणसाला प्रथम शब्दाकडे पाहण्याची खोड असते. ‘शर्यत’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. ‘शर्त’ हा त्याचाच भाऊ. दोहोंच्या मुळाशी ‘अट’ हा अर्थ आहे. पैज लावताना अट घालावी लागते, म्हणून पैजेची धाव ती शर्यत झाली. आपण आज धाव तेवढी लक्षात ठेवली आणि अट विसरलो. आजचे माझे सारे म्हणणे या विसरलेल्या अर्थाकडे पुन्हा लक्ष वेधण्यासाठी आहे.

आपल्या मुलखाला शर्यत नवी नाही. खिल्लार बैलांच्या गाडीशर्यती कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांवर बंदी घातली. पुढे राज्यांनी केलेले कायदे त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये वैध ठरविले. या शर्यतींची एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. शर्यतीचा बैल वेगळा आणि औताचा बैल वेगळा. शर्यतीच्या बैलाला खुराक मोठा, त्याची निगा मोठी, आणि त्याला कोणी नांगराला जुंपीत नाही. ज्याच्या गोठ्यात औताची जोडी धडधाकट आहे त्याने हौसेने शर्यतीचा खोंड बाळगला तर गाव त्याचे कौतुक करते. ज्याने त्या खोंडापायी रान गहाण टाकले त्याच्याविषयी गाव काय बोलते, हेही आपण जाणतो. मोटार-कारखानदाराचा प्रश्न याहून फार निराळा नाही. फरक एवढाच की, बैलाच्या शर्यतीतून औताला काही शिकता येत नाही. मोटारीच्या शर्यतीतून कधी कधी शिकता येते. ते केव्हा येते आणि केव्हा येत नाही, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

आरंभ आपल्या बेळगावातूनच करू. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला, हे सर्वश्रुत आहे. सायकल ही त्या काळी हौसेची, काहीशी मिरविण्याची वस्तू होती. पण किर्लोस्करांचे यंत्रप्रेम त्या हौसेपाशी थांबले नाही. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता जे कळले त्याचा प्रवास कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि पुढे १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगराकडे झाला. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात. तरी त्यांनी धीर सोडला नाही. नगरपालिकेने जागा घेतल्यामुळे त्यांना बेळगाव सोडावे लागले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. हौसेच्या वस्तूतून मिळालेले ज्ञान औतापर्यंत पोहोचविणे, हा या भूमीतील यंत्रोद्योगाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा आपल्या दारावरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर रस्त्याने शिकविला. निपाणीची तंबाखू वाहणाऱ्या ज्या ट्रकांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे, ते वयस्कर मंडळींना आठवत असतील. टाटांच्या टेल्को कंपनीची स्थापना १९४५ साली झाली ती रेल्वेची इंजिने करण्यासाठी. १९५४ साली तिने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपुरात ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. योगायोग असा की, त्याच १९५४ सालच्या जुलै महिन्यात त्याच जर्मन कंपनीच्या मर्सिडीज गाड्या फ्रान्समधील रॅन्स येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्याच दिवशी पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. त्यांचा चालक हुआन मान्युएल फान्जिओ १९५४ व १९५५ या दोन्ही वर्षी जगज्जेता झाला. म्हणजे एकच तारा युरोपात शर्यतीच्या गाडीवर चमकत होता आणि आपल्याकडे मालाच्या गाडीवर.

यातील कोणत्या ताऱ्याने अधिक काम केले? शर्यतीतील तारा दोनच वर्षे टिकला. जून १९५५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसून चालकासह ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने शर्यतींचा निरोप घेतला आणि फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ घेऊन ती परतली ती २०१० साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. या मधल्या काळात तिच्या गाड्यांची प्रतिष्ठा घटली काय? मुळीच नाही. इकडे ट्रकवरील तारा पंधरा वर्षे राहिला आणि करार संपताच १९६९ मध्ये त्याच्या जागी टाटांची मुद्रा आली. तोवर आपल्या माणसांच्या हातात ट्रक बनविण्याची विद्या आलेली होती. सुमंत मुळगावकरांनी पुण्याचा कारखाना उभारताना यंत्रे घडविण्याच्या विभागाला आणि कामगारांच्या शिक्षणाला जे अग्रस्थान दिले, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती. शर्यत न करताही विद्या मिळते, ही गोष्ट या इतिहासाने सिद्ध केली. म्हणून शर्यतीशिवाय प्रगती नाही, हा शर्यतवाद्यांचा दावा जसाच्या तसा मान्य करता येत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जपानच्या होंडा कंपनीने १९६३ साली मोटारी विकण्यास नुकता कोठे आरंभ केला होता, आणि १९६४ साली तिने फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकले. लोकांनी याला वेड म्हटले असेल. परंतु सोइचिरो होंडांचे वेड हिशेबी होते. त्याआधीच १९६२ साली त्यांनी सुझुका येथे स्वतःचा चाचणीमार्ग बांधून घेतला होता. इंजिन स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या तरुण अभियंत्यांकडून करविले होते. १९६५ साली मेक्सिकोत त्यांची गाडी प्रथम जिंकली. १९६८ साली फ्रान्समध्ये त्यांच्या गाडीत एका चालकाचा जळून मृत्यू झाला आणि त्या वर्षाअखेर कंपनी बाहेर पडली. येथे गोष्ट संपली असती तर ती एका महागड्या हौसेची गोष्ट झाली असती. परंतु शर्यतीतून मोकळे झालेले तेच अभियंते कमी धूर सोडणाऱ्या इंजिनाच्या कामाला लागले. त्यांनी सिद्ध केलेल्या इंजिनावर चालणारी सिव्हिक गाडी १९७५ साली अमेरिकेच्या नव्या हवा-शुद्धतेच्या कायद्याला कोणतेही धूर गाळण्याचे उपकरण न जोडता उतरली. शर्यतीच्या इंजिनावर काम केलेले तादाशी कुमे १९८३ मध्ये आणि नोबुहिको कावामोतो १९९० मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. शर्यत ही होंडाची पाठशाळा होती, कारण शिकणारी माणसे घरची होती आणि शिकून ती घरी परतली.

याच होंडाने पुढे दुसरा अनुभवही घेतला. इंग्लंडमधील एक संघ तिने विकत घेतला, २००६ पासून तो स्वतःच्या नावाने चालविला, आणि २००८ च्या आर्थिक मंदीत तो नाममात्र किमतीला व्यवस्थापकाच्या हवाली करून ती निघून गेली. त्याच संघाने २००९ साली ब्रॉन या नव्या नावाने जगज्जेतेपद मिळविले, आणि २०१० मध्ये तोच मर्सिडीजचा संघ झाला. विकत घेतलेले घर विकले की त्यातील विद्याही घराबरोबर जाते.

आता टोयोटाकडे पाहू, कारण त्या कथेत आपला संबंध आहे. किर्लोस्कर घराण्याने टोयोटाशी भागीदारी केली आणि १९९७ साली बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा-किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. बेळगावच्या सायकल-दुकानापासून निघालेली वाट एका शतकानंतर जगातील अग्रगण्य मोटार-कारखान्यापर्यंत पोहोचली. ही टोयोटा २००२ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरली. जर्मनीतील कलोन येथे तिने मोठी कार्यशाळा चालविली, अमाप खर्च केला, आणि २००९ साली एकही शर्यत न जिंकता ती परतली. गंमत अशी की, पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी प्रियस ही तिची युगप्रवर्तक गाडी तिने १९९७ सालीच बाजारात आणली होती. फॉर्म्युला वनच्या गाडीत ब्रेकची शक्ती साठवून पुन्हा वापरण्याची सोय आली ती २००९ मध्ये. येथे शर्यत रस्त्याच्या मागे होती. शर्यतीची गाडी नेहमीच रस्त्यावरील गाडीच्या पुढे असते, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

टाटांचा स्वतःचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९९९ साली स्ट्यूअर्ट हा चालता संघ विकत घेतला आणि २००० पासून त्यावर आपल्या मालकीच्या जग्वारचे नाव चढविले. पाच हंगाम झाले, विजय एकही नाही. २००४ च्या अखेरीस तो संघ रेड बुल या पेयाच्या कंपनीस विकला गेला, आणि त्याच संघाने २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे जगज्जेतेपद मिळविले. २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून घेतल्या. टाटांच्या मालकीखाली जग्वारने २०१६ साली फॉर्म्युला ई मध्ये प्रवेश केला, २०१९ साली रोममध्ये पहिला विजय मिळविला आणि २०२४ साली संघांचे जगज्जेतेपद पटकावले. हे यश मोठे आहे. पण त्याच २०२४ साली जग्वारने आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचे उत्पादन आवरले आणि नव्या रूपाची तयारी करण्यासाठी ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची विक्री थांबविली. मैदानात ढाल मिळाली त्याच वर्षी दुकानाचे दार ओढून घ्यावे लागले. शर्यतीतील यश व्यापाराला तारतेच असे नाही, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगावे?

भारताच्या नावाने फॉर्म्युला वनमध्ये जे झाले तेही पाहिले पाहिजे. टाटांच्या आश्रयाने नरेन कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. हा आश्रय खेळाडूला होता. खासबागेत मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांनी मल्लांना दिला त्या जातीचा. त्याचे मोल वेगळे आहे, आणि त्यात कारखानदार स्वतः आखाड्यात उतरत नाही. पुढे २००८ साली बंगळूरचे मद्य-उद्योजक विजय मल्ल्या यांनी विकत घेतलेला संघ ‘फोर्स इंडिया’ या नावाने धावू लागला. २००९ साली बेल्जियममध्ये त्याने दुसरा क्रमांक मिळविला, तेव्हा आपल्याला आनंद झाला. परंतु त्याची कार्यशाळा इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे होती आणि शर्यतीत त्याचे स्टिअरिंग एकाही भारतीय चालकाच्या हाती आले नाही. २०१८ साली दिवाळखोरी टाळण्यासाठी तो न्यायालयीन प्रशासकाच्या हाती गेला आणि दुसऱ्यांचा झाला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बांधलेल्या मार्गावर भारताची शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे झाली. करांच्या वादात ती बंद पडली. नाव आपले होते, हात आपले नव्हते. म्हणून मागे काही उरले नाही.

या पार्श्वभूमीवर महिंद्रांच्या प्रयत्नाकडे पाहावे. २००८ साली पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय घेतल्यानंतर महिंद्रांनी २०११ पासून जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या सर्वांत लहान गटात भाग घेतला. त्यासाठी त्यांनी इटलीतील एका कंपनीचा आधार घेतला. २०१६ साली नेदरलँड्समधील असेन येथे फ्रान्चेस्को बान्याया या तरुणाने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. हाच चालक पुढे दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर २०२२ आणि २०२३ साली सर्वोच्च गटाचा जगज्जेता झाला. महिंद्रांची पारख अचूक होती, गाडी चांगली होती. परंतु आपल्या रस्त्यांवर त्यांच्या मोटारसायकलींनी जम बसविला नाही आणि २०१७ च्या अखेरीस ते त्या शर्यतीतून बाहेर पडले.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत त्यांची चाल अधिक विचारपूर्वक दिसते. बंगळूरच्या रेवा या विजेची छोटी गाडी करणाऱ्या कंपनीत त्यांनी २०१० साली मोठा हिस्सा घेतला, आणि १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंग येथे फॉर्म्युला ई ची पहिली शर्यत झाली तेव्हा दहा संस्थापक संघांत महिंद्रा हा एकमेव भारतीय संघ होता. पहिल्या हंगामात करुण चंढोक हा भारतीय चालक त्यात होता. २०१७ साली बर्लिनमध्ये त्यांना पहिला विजय मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागराच्या काठी ही शर्यत झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी केपटाउन येथे मागील चाकांच्या आधारभागाविषयी शंका येताच संघाने आपल्या गाड्या शर्यतीतून मागे घेतल्या. ती नामुष्की पत्करण्यातही एक शहाणपण होते. चालकाचा जीव क्रमांकाहून मोठा मानला गेला.

फॉर्म्युला ई चा खर्च आणि तिची रचना या गोष्टी येथे ध्यानात घ्याव्या लागतात. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ साली प्रथम खर्चाला मर्यादा घालण्यात आली, ती एका संघाला वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर. आणि त्यात चालकांचे मानधन व इंजिन घडविण्याचा खर्च धरलेला नव्हता. फॉर्म्युला ई मध्ये २०२२-२३ च्या हंगामापासून संघाची मर्यादा एक कोटी तीस लक्ष युरो ठेवण्यात आली. तेथे गाडीचा सांगाडा व बॅटरी सर्वांना सारखी मिळते. कारखानदाराने मोटर, वीज नियंत्रित करणारे इन्व्हर्टर, गिअर आणि आज्ञावली तेवढी घडवायची. आरंभी बॅटरी अर्ध्या शर्यतीतच संपे आणि चालकाला उडी मारून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीने एका बॅटरीत शर्यत पुरी केली. २०२३ पासूनच्या गाडीत शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चाळीस टक्के ऊर्जा ब्रेक लावताना परत मिळविली जाते. थोडक्यात, हाती असलेली वीज पुरवून पुरवून वापरण्याची ही स्पर्धा आहे, आणि काटकसरीची विद्या आपल्या रस्त्यांवर थेट उपयोगी पडणारी आहे.

आक्षेप दोन. पहिला असा की, गरीब देशाने असले खेळ करू नयेत. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. कारखानदाराने भागधारकांचा पैसा कोठे घालावा हे देशाच्या गरिबीवरून ठरत नाही. त्यातून काय उपजते यावरून ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महिंद्रांची शर्यतीची कार्यशाळा इंग्लंडमध्ये बॅनबरी येथे आहे. बीजिंगच्या शर्यतीनंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यांनी मुळापासून विजेसाठी आखलेल्या दोन नव्या मोटारी आपल्या बाजारासाठी सादर केल्या. त्या चाकण येथे तयार होतात. बॅनबरीत शिकलेल्यापैकी चाकणपर्यंत किती आले, आणि चाकणहून पुढे किती जाणार, हा खरा प्रश्न आहे.

पुढे म्हणजे कोठे? पुढे म्हणजे येथे. बेळगावची उद्यमबाग, कोल्हापूरजवळचे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांत सिलिंडरचे ब्लॉक, हेड आणि इतर कास्टिंग ओतले जाते. कोल्हापूरचे पिस्टन नामांकित आहेत. विजेच्या मोटारीत सिलिंडर नाही, पिस्टन नाही. शर्यतीची मैदाने विजेकडे वळली आणि रस्ताही हळूहळू तिकडे वळू लागला, तर लोखंड ओतणाऱ्या आपल्या भट्ट्यांनी काय करावे? विजेच्या मोटारीलाही आवरण लागते, इन्व्हर्टरला पेटी लागते, आणि ती हलक्या ॲल्युमिनियमची, अतिशय अचूक मापाची लागते. आपल्या हातांना ही अचूकता अवघड नाही. हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात, ही आपल्या जिल्ह्यातीलच गोष्ट आहे. परंतु लोखंडाकडून ॲल्युमिनियमकडे, पिस्टनकडून मोटरकडे जाण्यासाठी कोणीतरी शिकविले पाहिजे. ती विद्या शर्यतीच्या कार्यशाळेत असेल आणि तेथेच राहणार असेल, तर ती शर्यत आपल्या उपयोगाची नाही.

एक छोटे उदाहरण आशादायक आहे. टाटा मोटर्सने २०१४ पासून काही वर्षे नोएडाच्या त्याच मार्गावर ट्रकांच्या शर्यती घेतल्या. प्रथम परदेशी चालक आले. २०१६ साली प्रशिक्षण देऊन आपल्याकडील ट्रकचालकांनाही उतरविण्यात आले. या शर्यती उघड्या चाकांच्या गाड्यांच्या नव्हेत. परंतु महामार्गावर रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या चालकाला शर्यतीच्या मैदानात मानाने उभे केले गेले, यात मला अधिक अर्थ दिसतो. त्याचप्रमाणे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून धावविण्याची ‘बाहा’ ही स्पर्धा महिंद्रांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे होत आली. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे. मुलांच्या हाती पाना देणारी शर्यत आपल्याला अपरिचित नाही.

आता निष्कर्षाकडे येतो. ‘शर्यत’ या शब्दातच अट आहे असे मी आरंभी म्हणालो. इतिहासाने मला तीन अटी दाखविल्या. गाडी स्वतःच्या माणसांनी घडविलेली असावी. चालत्या संघावर नाव चढविल्याने विद्या येत नाही, हे फोर्डच्या जग्वारने आणि फोर्स इंडियाने दाखविले. शिकलेली माणसे आणि शिकलेली गोष्ट कारखान्यात परत यावी. होंडाच्या पहिल्या पर्वाचे यश यातच होते. आणि शर्यत हरली तरी औत थांबू नये एवढाच खर्च असावा. या अटीचे मोल टोयोटाला परवडले, दुसऱ्या कोणाला परवडेलच असे नाही.

या अटींवर पाहता, आपल्या कारखानदारांनी आज फॉर्म्युला वनमध्ये संघ विकत घेऊन उतरावे, असे मला वाटत नाही. २०२६ च्या हंगामापासून ऑडी आणि कॅडिलॅक यांनी तेथे प्रवेश केला म्हणून आपणही जावे, हा विचार शेजाऱ्याचा खोंड पाहून आपला गोठा वाढविण्याचा आहे. विजेच्या शर्यतीत मात्र महिंद्रांनी राहावे, टाटांनीही जग्वारच्या निमित्ताने राहावे; कारण तेथे खर्च आटोक्यात आहे आणि तेथील विद्या आपल्या रस्त्यांना हवी आहे. परंतु बॅनबरीच्या कार्यशाळेत दर वर्षी चाकणचे, नाशिकचे, पुण्याचे तरुण अभियंते आणि कुशल कामगार पाठविले जावेत, आणि ते परतल्यावर त्यांनी आपल्याला माल पुरविणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरच्या कारखान्यांत येऊन शिकवावे, एवढी मागणी आपण निःसंकोचपणे केली पाहिजे. ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी करावी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी करावी. भीक म्हणून नव्हे. ज्यांच्या भट्टीतून त्यांचे ब्लॉक निघाले त्यांचा तो हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दूरदर्शनच्या पडद्यावर ती गाडी वाऱ्यासारखी जाताना तुम्ही जरूर पाहा, हौसेने पाहा. ती कोणी चालविली हे तर सारेच विचारतात. तुम्ही मात्र ती कोणी घडविली, कोठे घडविली, आणि घडविताना कोणाचा हात तयार झाला, हेही विचारीत जा. किर्लोस्करांनी बेळगावच्या त्या दुकानात सायकलकडे असेच पाहिले असले पाहिजे.